किती सालची

मुंबईचा दुकानदार फोनवर दोनच शब्द विचारतो:
मॉडेल? साल?
पंपाची रबरी चक्री आठ प्रकारची येते म्हणे,
दिसायला सगळ्या बहिणी,
एकीची खाच दुसरीच्या दांड्याला बसत नाही.

बापू माझ्याकडे बघतो, मी मोटरीकडे.
पाटबंधाऱ्याच्या भंगार-लिलावात वजनावर घेतलेली.
नावेच्या फळीला आवळायच्या कंसावर
जिथं पट्टी असायची तिथं रिव्हेटची चार भोकं
आणि उन्हानं न रापलेला एक चौकोन.

गुलाम दस्तगीर मिस्तरी, भुसावळ,
रेल्वे यार्डाच्या भिंतीमागं दुकान,
एरवी केळीच्या बागांचे पंप.
ब्लेडनं टोपण खरवडलं. वर निळा, सरकारी ब्रशचा.
त्याखाली राखाडी, त्याखाली पांढरा,
पांढऱ्यावर एका अक्षराचं शेपूट.
"रंगावर जाऊ नको," तो म्हणाला,
"रंग तर माझा मेव्हणापण देतो."

दोन प्लग, म्हणजे दोन नळकांडी.
व्हर्नियर घालून भोक मोजलं,
आकडा तळहातावर लिहिला.
"विसाची असेल, नाहीतर पंचविसाची.
एकाच साच्यातली भावंडं, फक्त कार्बोरेटरचं नरडं वेगळं."
मग नरडं मोजलं. पंचवीस.

"घोडे कायले मोजतो भो," बापू म्हणाला,
"जन्म सांग तिचा."

जन्म ब्लॉकच्या कुशीत होता,
रुपयाएवढी एक टिकली, वर बोटभर चिकटा.
रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश.
मी मोबाईलची बत्ती धरली.
मिस्तरीनं टिकलीवर खडू घासला, फडक्यानं पुसला,
आणि पंचाची अक्षरं पांढरी होऊन
एकेक वर आली,
गळाला न लागता नुसती दिसणारी मासळी.

"कापडवाले नाही का, लेबलावर अक्षरांत भाव लिहितात,
गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून?
तसंच. दहा अक्षरांचा एक शब्द, दर अक्षर एक आकडा.
शेवटचं सोड. त्याआधीची दोन वाच."

सी. यू.

ओठ हलवत, बोटं मोजत
तो शब्द त्यानं मनातल्या मनात दोनदा म्हटला.
आठ. सात.
सत्त्याऐंशी.

बराच वेळ यार्डात डबे एकमेकांना धडकत राहिले.
मग बापूनं विचारलं,
"तव्हा मी केवढा असन?"

बापूच्या आधारवर एक जून आहे,
जसा त्याच्या वयाच्या अर्ध्या भोईवाड्याचा.
गुरुजींनी दात बघून साल टाकलं.
आधीची तीन राहिली नाहीत, म्हणून आईनं
हा सुपात घालून उंबऱ्यापर्यंत ओढला,
नाव ठेवलं सुपडू,
टाकलेलं पोर कोण कशाला नेईल.
तेवढंच काय ते त्याच्या अंगावर ठोकलेलं.

"गाव बुडालं तव्हा मले दाढी फुटत होती," तो म्हणाला.
"म्हणजे सोळा?" मिस्तरीनं पेन काढलं.
"भोयाची दाढी लवकर फुटते, बाप्पा."
"मग चौदा धरू?"
"धर."
पेन थोडा वेळ तळहातावरच राहिलं.
काही लिहिलं नाही त्यानं.

निघताना बापूनं डब्यातून बोटभर ग्रीस घेतलं,
टिकलीवर लिंपलं, अंगठ्यानं दाबलं.
"याच्यावर कोनी रंग मारू नका."

नवव्या दिवशी चक्री आली, एस्टीच्या पार्सलानं,
काडेपेटीपेक्षा मोठी नाही.
मेहूणच्या बाजूला, पूर्णा तापीला मिळते तिथं,
दोरीचे अकरा झटके.
अकराव्याला धूर, मग आवाज,
मग मोटरीच्या कुशीतून पाण्याची बारीक धार,
दीड वर्षाच्या पोरासारखी, वाकडी, बेफिकीर.

"मुतली," बापू ओरडला,
आणि हातातलं वल्हं
फळीखाली सरकवायचं विसरून
तसंच मांडीवर घेऊन बसला.